नाक धुवा, पण नळाच्या पाण्याने नको

सोयाबीनची मळणी आटोपते, कापूस वेचणीला येतो, पहाटे गारवा आणि दुपारी ऊन असे दिवस सुरू होतात, तसे वऱ्हाडातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य सारखे ऐकू येते : ‘साहेब, रातभर नाक गच्च राह्यते, तोंडानंच श्वास घ्या लागते.’ मळणीयंत्राचा भुसा, जिनिंगमध्ये उडणारी रुई, बांधावरचे गाजरगवत, रस्त्याची धूळ आणि शाळेतून घरी आलेला सर्दीचा विषाणू, यांतले एखादे तरी कारण प्रत्येकाच्या मागे असतेच. मोर्शी-वरूडचा संत्रापट्टा असो की अकोल्याकडचा कापूसपट्टा, नाकाची तक्रार सारखीच.

दवाखान्यात येण्याआधी बहुतेकांनी काही ना काही करून पाहिलेले असते. कोणी मेडिकलमधून नाकात टाकायचे थेंब आणलेले असतात, कोणी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतलेल्या असतात, कोणी वाफ घेताना भांडे कलंडून मांडी भाजून घेतलेली असते. अलीकडे यात एका वस्तूची भर पडली आहे : तोटीचा लोटा. योगशिबिरात जलनेती शिकून आलेले किंवा मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलेले लोक वाढले आहेत.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या सगळ्या उपायांत तोटीचा लोटा सगळ्यांत चांगला, स्वस्त आणि औषधाविना होणारा उपाय आहे. डॉक्टरांनी तो आजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सुचवायला हवा. पण त्या लोट्यात कोणते पाणी भरायचे, हे शिकवल्याशिवाय तो कोणाच्याही हातात देऊ नये. आज आपण नेमके तेच करतो आहोत. लोटा कसा धरायचा, मान किती वाकवायची हे तासभर शिकवले जाते आणि पाणी मात्र कोपऱ्यातल्या नळाचे भरले जाते.

नाक चोंदते म्हणजे काय होते?

नाक चोंदले म्हणजे आत शेंबूड भरला, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणून लोक जोरजोरात शिंकरतात आणि काहीच निघाले नाही की हैराण होतात. प्रत्यक्षात चोंदण्याचे मोठे कारण सूज हे असते. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना हाडाच्या गुंडाळीसारखे उंचवटे आहेत. त्यांच्यावरच्या पातळ अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सर्दीचा विषाणू, परागकण किंवा धूळ यांमुळे हे अस्तर फुगते आणि हवेची वाट अरुंद होते. त्यात घट्ट स्राव अडकला की वाट बंद.

हे अस्तर एरवी फार कामाचे असते. आत येणारी हवा ते गरम करते, ओली करते आणि गाळते. त्यावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली अतिसूक्ष्म केसांची दाटी. हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि धूळ-जंतू चिकटलेला थर सावकाश घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो आणि पोटातले आम्ल पुढचे काम करते. स्राव वाळून घट्ट झाला किंवा सूज वाढली, की ही वाहतूक थांबते.

मिठाचे कोमट पाणी इथे साधे काम करते. घट्ट स्राव पातळ करते, अडकलेली धूळ, परागकण आणि सूज वाढवणारी रसायने वाहून नेते आणि त्या सूक्ष्म केसांना पुन्हा मोकळे करते. मीठ कशासाठी, असे लोक विचारतात. आपल्या पेशींमधल्या आणि रक्तातल्या क्षारांच्या प्रमाणाशी जुळणारे पाणी नाकाला परके वाटत नाही. बिनमिठाचे पाणी पेशींमध्ये शिरते, त्या फुगतात आणि झणझणते. विहिरीत सूर मारताना नाकात पाणी गेल्यावर जी कळ येते, ती याच कारणाने. म्हणजे मीठ हे इथे चवीला किंवा जंतू मारायला नसते. एवढ्याशा मिठाने जंतू मरत नाहीत, हे पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवावे.

उपयोग खरा, पण मोजका

हठप्रदीपिकेत जी सहा शुद्धिकर्मे सांगितली आहेत, त्यात नेती आहे. मात्र तिथली नेती दोऱ्याची आहे, पाण्याची नाही. लोट्याची जलनेती योगसंस्थांमधून घराघरांत पोहोचली. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिक काढले. योगक्रिया श्रद्धेने करा एवढे सांगून न थांबता त्या प्रयोगशाळेत तपासून पाहा, हा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्राला लाभलेला हा वारसा आहे आणि नेतीबद्दल बोलताना तोच पाळायला हवा : उपयोग किती ते तपासा, धोका कुठे ते तपासा.

उपयोगाचे पुरावे काय सांगतात? ॲलर्जीच्या सर्दीवर झालेल्या अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांचा त्रास काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कमी राहू शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. पण अभ्यास छोटे होते आणि पुराव्याचा दर्जा कमी, हेही त्यातच नमूद आहे. एडिंबरा येथे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात साध्या सर्दीत मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या आणि गुळण्या करणाऱ्यांची सर्दी सुमारे दोन दिवस आधी बरी झाली. ब्रिटनमध्ये जवळपास १४ हजार लोकांवर झालेला मोठा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आला. त्यात लोटा नव्हता, साधा मिठाच्या पाण्याचा फवारा होता. लक्षणे दिसताच तो वापरणाऱ्यांचे आजारपणाचे दिवस सरासरी सव्वाआठवरून सुमारे साडेसहावर आले आणि त्यांना अँटिबायोटिकही कमी लागले.

दीड-दोन दिवस म्हणजे काय मोठे, असे वाटेल. रोजमजुरीवर जाणाऱ्या बाईला विचारा, दोन दिवसांची किंमत ती सांगेल. शिवाय सर्दीला विनाकारण दिले जाणारे अँटिबायोटिक टळले, तर त्याचा फायदा साऱ्या गावाला. मात्र नाक धुतल्याने नाकातले मांस (पॉलिप) विरघळत नाही, वाकडा पडदा सरळ होत नाही, दमा बरा होत नाही, डोळ्यांचा नंबर जात नाही आणि ‘मेंदू स्वच्छ’ होत नाही. शिबिरांतून असे दावे कानांवर येतात. ते सोडून द्यावेत.

खरा प्रश्न पाण्याचा

आता धोक्याकडे. ‘नेग्लेरिया फाउलेरी’ नावाचा एक अमिबा कोमट गोड्या पाण्यात आणि चिखलात राहतो. ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंवरून १९६५ मध्ये तो प्रथम वैद्यकशास्त्राच्या नजरेस आला. हा अमिबा असलेले पाणी तुम्ही प्यालात तर काहीही होत नाही, पोटात तो टिकत नाही. पण तेच पाणी नाकात खोलवर गेले, तर नाकाच्या छतातून मेंदूकडे जाणाऱ्या गंधाच्या नसांवरून तो थेट वर चढतो. नाकाचे छत आणि मेंदू यांच्यामध्ये चाळणीसारखे छिद्रे असलेले पातळ हाड आहे, तेवढाच काय तो आडोसा. मेंदूला होणारा हा संसर्ग दुर्मीळ आहे, पण झाला तर मृत्यूचे प्रमाण ९७ टक्क्यांहून अधिक. अमेरिकेत १९६२ पासून अशा १६० हून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यातले वाचले अवघे चार.

यातले बहुतेक रुग्ण तलावात पोहणारे होते. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोघांचा मृत्यू झाला, ते कुठेही पोहायला गेले नव्हते. दोघेही घरच्या नळाच्या पाण्याने नेतीच्या लोट्यातून नाक धूत होते आणि त्यांच्या घरच्या नळयोजनेत हा अमिबा सापडला. २०२३ मध्ये फ्लोरिडात आणि २०२४ मध्ये टेक्सासमध्ये अशीच घटना घडली. टेक्सासमधल्या ७१ वर्षांच्या बाई पहिल्या लक्षणानंतर आठ दिवसांत गेल्या. पाकिस्तानात कराची शहरात या आजाराने दरवर्षी माणसे दगावतात, आणि त्यांतले अनेकजण कधी पोहायला गेलेले नसतात. नळाचे पाणी नाकात गेले, एवढेच त्यांच्या बाबतीत घडलेले असते. ‘अकँथअमिबा’ नावाच्या दुसऱ्या एका अमिबाने नाक धुणाऱ्या, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दहा रुग्णांना गाठले आणि त्यातले तीन दगावले, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा २०२४ चा अहवाल आहे.

परदेशातल्या गोष्टी म्हणून हे बाजूला सारता येणार नाही. भारतात या आजाराची नोंद १९७१ पासून आहे. केरळमध्ये २०२४ मध्ये एकामागून एक रुग्ण सापडले. कोझिकोड जिल्ह्यातला १४ वर्षांचा एक मुलगा वेळेत निदान झाल्यामुळे वाचला. २०२५ मध्ये तिथे रुग्ण आणखी वाढले आणि राज्य सरकारला विहिरी-टाक्यांच्या क्लोरिनेशनची मोहीम हाती घ्यावी लागली. केरळमध्ये रुग्ण जास्त दिसतात, याचे एक कारण असे की तिथे डॉक्टर हा आजार मनात ठेवून तपासतात. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतले पाणी काढल्याबरोबर ताजे असताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तरच हा अमिबा हलताना दिसतो. न पाहिलेला आजार नोंदवहीत येत नाही.

वऱ्हाडातली टाकी आणि मे महिना

आता आपल्याकडचे पाणी पाहा. हा अमिबा ४६ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यात मजेत वाढतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि छतावरच्या काळ्या टाकीतल्या पाण्याने दुपारी हात पोळतो. टाकीच्या तळाशी गाळ, भिंतींना शेवाळी थर, झाकण अर्धे उघडे. अमिबाला लागते ते सारे तिथे हजर. गावाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली तरी ऊन, उष्णता आणि साठवण यांमुळे क्लोरीन उडून जातो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओ.टी. टेस्ट करतो ती पिण्याच्या पाण्यासाठी, नाकात घालायच्या पाण्यासाठी नव्हे. गावाला हिरवे कार्ड मिळाले म्हणजे ते पाणी नाकात घालण्यायोग्य झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. आमच्या संत्रापट्ट्यात भूजल इतके खोल गेले आहे, की टँकर, बोअर आणि नळ अशा तीन ठिकाणांचे पाणी एकाच घराच्या टाकीत एकत्र होते. ते नेमके कुठले, हे घरच्यांनाही सांगता येत नाही.

लोक विचारतात, ‘आमच्या घरी आरओ आहे, मग?’ आरओचे पाणी पिण्यासाठी चांगले असेल, पण त्याच्या साठवणटाकीत आणि तोटीत जंतूंचा थर धरतो, पडदा जुना होतो, सर्व्हिसिंग लांबते. ते निर्जंतुक नसते. लग्नसमारंभात येणारे थंड पाण्याचे जार तर नाकाजवळही नेऊ नयेत. बाटलीबंद पाणीही पिण्यासाठी असते, ते निर्जंतुक असल्याची हमी नसते. आणि ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळते, ते माणसाच्या नाकासाठी बनलेले नाही.

‘आमचे आजोबा नदीवर आंघोळ करताना नाकात पाणी ओढायचे, त्यांना काही झाले नाही,’ हा आक्षेप नेहमीचा. खरे आहे, बहुतेकांना काही होत नाही. हजारो वेळा काही होत नाही आणि एकदा होते, त्या एका वेळी हातात काही उरत नाही. ज्या धोक्यावर औषध जवळपास नाही, पण जो एक मिनिट पाणी उकळल्याने संपतो, तो धोका पत्करण्यात शहाणपण कोणते? शिवाय आजोबांनी कधीमधी नाकात घेतलेले पाणी वेगळे आणि रोज पाव लिटर पाणी नाकाच्या तळापासून छतापर्यंत फिरवणे वेगळे.

करायचे कसे

पाणी : स्वच्छ पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्यावे आणि उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवावे. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे लागतात, पण आपले कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरच आहे. म्हणजे मोर्शी असो की चिखलदरा, महाराष्ट्रात सगळीकडे एक मिनिट पुरे. मग झाकण ठेवून त्याच भांड्यात कोमट होऊ द्यावे. थंड करण्यासाठी त्यात नळाचे पाणी मिसळू नये. ही चूक फार जण करतात आणि उकळण्याचे सारे श्रम वाया घालवतात. एकदा उकळलेले पाणी झाकून ठेवून त्याच दिवशी संपवावे. उकळणे शक्य नसेल, तर मेडिकलमध्ये मिळणारी सलाइनची सीलबंद बाटली वापरता येते. उघडल्यावर तीही २४ तासांच्या आत संपवावी.

मीठ : एक लिटर पाण्याला सुमारे ९ ग्रॅम. घरात वजनकाटा नसतो, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणाऱ्या टोपणाचे ५ मिलिलीटरचे माप घ्यावे. बारीक मीठ सपाट भरून दीड माप म्हणजे जवळपास तेवढेच. चव साधारण अश्रूंइतकी खारट लागली पाहिजे. चुरचुरत असेल तर अर्धे माप खाण्याचा सोडा घालावा. घरातले आयोडीनयुक्त मीठ बहुतेकांना चालते. काहींना त्याने चुरचुरते, त्यांनी तयार पुड्या वापराव्यात. अतिसाराची ओआरएसची पुडी यासाठी वापरू नये, तिच्यात साखर असते.

भांडे : लोटा किंवा बाटली प्रत्येकाची वेगळी. वापरून झाल्यावर उकळलेल्या पाण्याने धुवून, उलटी ठेवून पूर्ण कोरडी करावी. तांब्याचा लोटा असेल तर त्यात मिठाचे पाणी साठवून ठेवू नये. हात साबणाने धुतलेले असावेत.

क्रिया : मोरीवर किंवा बेसिनवर पुढे वाकावे, डोके एका बाजूला कलते करावे. तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा. वरच्या नाकपुडीत तोटी हलकेच टेकवून पाणी आपल्या वजनाने वाहू द्यावे, ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. ओढू नये, गिळू नये, बोलू नये. प्रत्येक बाजूला शंभर-सव्वाशे मिलिलीटर, म्हणजे साधारण अर्धा पेला पाणी पुरते. पाणी दुसऱ्या बाजूने येतच नसेल तर जोर करू नये, थांबावे. मग पुढे वाकून पाणी निथळू द्यावे आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरले, की उरलेले पाणी कानाच्या नळीत शिरते आणि कान दुखायला लागतो. झोपण्यापूर्वी किमान तासभर आधी करावे. डॉक्टरांनी नाकाचा स्टिरॉइड फवारा दिला असेल तर आधी नाक धुवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी फवारा मारावा. त्रास आहे तोवर दिवसातून एक-दोन वेळा पुरे. काही त्रास नसताना आयुष्यभर रोज करायलाच हवे, असे काही नाही.

कोणी करू नये

लहान मुलांच्या नाकात लोट्याने पाणी ओतू नये. त्यांच्यासाठी सलाइनचे थेंब मिळतात, ते दोन-दोन टाकून नाक पुसून घ्यावे. बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेल किंवा तूप सोडण्याची चाल अनेक घरांत आहे. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आजी-मावशींना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगायला हवे. ज्यांचा कान वाहतो किंवा दुखतो, ज्यांच्या नाकातून वारंवार रक्त येते, ज्यांचे नाकाचे, कानाचे किंवा डोक्याचे ऑपरेशन अलीकडे झाले आहे, ज्यांना अपघातात चेहऱ्याला किंवा डोक्याला मार लागला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाक धुऊ नये. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा साखर फार वाढलेल्या रुग्णांनीही आधी विचारावे.

काही लक्षणांत घरगुती उपायच करत बसू नये. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे, रक्तमिश्रित स्राव, दहा दिवसांनंतरही न ओसरणारा किंवा कमी होऊन पुन्हा वाढलेला त्रास, डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे. आणि मधुमेही माणसाच्या नाकात काळी खपली. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने विदर्भात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, ते विसरायला अजून फार काळ लोटलेला नाही. आणि नाकात पाणी गेल्यानंतर पुढच्या बारा-पंधरा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे असे काही झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि ‘नाकात पाणी घेतले होते’ किंवा ‘शेततळ्यात पोहलो होतो’ हे डॉक्टरांनी न विचारता सांगावे. ते एक वाक्य तपासणीची दिशा बदलू शकते.

वजू करताना नाकात पाणी घेणाऱ्यांनीही पाणी नाकपुडीपुरते ठेवावे, आत खोल ओढू नये. शक्य असेल तेव्हा, विशेषतः उन्हाळ्यात, नाकासाठी उकळून निवलेले पाणी वेगळे ठेवावे.

थेंबांची सवय आणि आपली जबाबदारी

सुरक्षित नेती लोकांपर्यंत पोहोचवण्याची मला इतकी निकड का वाटते, याचे दुसरे कारण मेडिकलच्या काउंटरवर आहे. नाक मोकळे करणारे थेंब फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, दोन मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, की थेंबांचा असर ओसरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. वर्षानुवर्षे खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसे या चक्रात अडकलेली असतात. त्यात रक्तदाबाचे रुग्णही असतात, ज्यांनी हे औषध डॉक्टरांना न विचारता घेऊच नये. ती बाटली चिठ्ठीशिवाय, एका शब्दाचीही सूचना न देता हातात पडते. मीठ आणि उकळलेले पाणी यांची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कोणाला चार पैसे सुटत नाहीत. आणि गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णामागे जी दोन-तीन मिनिटे मिळतात, त्यात थेंब लिहून देणे सोपे असते आणि पाणी कसे उकळायचे हे सांगणे अवघड.

म्हणून हे काम एकट्या डॉक्टरवर सोडून भागणार नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून सरकारच योगवर्ग घेते. तिथे नेती शिकवायची असेल तर चुलीवर पातेले ठेवून पाणी उकळण्यापासून धडा सुरू व्हावा. २१ जूनच्या योगदिनानिमित्त आणि शाळा-महाविद्यालयांच्या शिबिरांत नळाखाली रांगेने लोटे भरून घेण्याचा प्रकार बंद व्हावा. अमरावती जिल्ह्यात व्यायाम आणि योगशिक्षणाची मोठी परंपरा आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथे उभे आहे. अशा संस्थांतून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ‘आधी पाणी, मग लोटा’ हा नियम पाठ असला, तर तो गावोगाव पोहोचायला वेळ लागणार नाही. लोटा विकणाऱ्यांनी त्यावर मराठीत एक ओळ छापावी : फक्त उकळून थंड केलेले पाणी वापरा. औषध दुकानदारांनी थेंबांची बाटली देताना ‘पाच दिवसांच्या वर नको’ एवढे तोंडी सांगावे.

आणि ग्रामपंचायती, नगरपालिकांनी आपल्या टाक्या वर्षातून ठरलेल्या वेळी धुवाव्यात, तळाचा गाळ काढावा आणि धुतल्याची तारीख टाकीवर रंगवावी. संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवणाऱ्या राज्यात ही अपेक्षा फार मोठी नाही. घरच्या टाकीबाबत ते काम आपले स्वतःचे.

सर्दीवर माणसाने शोधलेल्या उपायांत मिठाचे पाणी हा फार जुना आणि फार साधा उपाय आहे. त्यातले मीठ सगळ्यांना ठाऊक झाले आहे. पाण्याकडे मात्र अजून कोणी नीट पाहिलेले नाही. यंदाच्या हिवाळ्यात नाक गच्च झाले, तर थेंबांच्या बाटलीकडे हात नेण्याआधी गॅसवर लिटरभर पाणी ठेवा. ते खळखळून उकळेपर्यंत लोट्याला हात लावू नका.